साखर, पिंप आणि अबकारी

इंग्लंडात घरच्या घरी बिअर करणारा मनुष्य, पहिले किण्वन शमून फेस बसला म्हणजे, ते पेय सुमारे 23 लिटरांच्या पिंपात काढतो, 80 ते 100 ग्रॅम साखरेचा पाक थोड्या पाण्यात उकळून त्यात मिसळतो, झाकण घट्ट आवळतो आणि आठ-पंधरा दिवस उबदार कोपऱ्यात ठेवून मग ते पिंप थंड जागी हलवतो. द्रवात शिल्लक राहिलेले यीस्ट ही साखर खाते. खाल्लेल्या दर ग्रॅमामागे सुमारे अर्धा ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि बाहेर पडण्यास वाट नसल्यामुळे तो बिअरमध्येच विरघळून राहतो. कृती एवढीच, परंतु ज्या मूठभर साखरेवर ती अवलंबून आहे, त्या साखरेकडे त्या देशाचे सरकार दीर्घकाळ संशयाने पाहत आले, हे ध्यानात घेतल्यावाचून या गृहोद्योगाचा इतिहास नीट उलगडत नाही.

फ्रान्सशी चाललेल्या युद्धाने खजिना रिता झाला असता 1697 साली माल्टवर, म्हणजे मोड आणून भाजलेल्या सातूवर, कर बसला; आणि ज्या वस्तूवर सरकारचे उत्पन्न उभे राहिले तिच्या जागी दुसरी स्वस्त वस्तू कोणी वापरू नये, ही दक्षता ओघानेच आली. बिअरमध्ये साखर घालणे हा तेव्हा चवीचा नव्हे, महसूल बुडविण्याचा प्रश्न होता. म्हणून साखरेला मनाई झाली, आणि अपवादाची एखाददुसरी मुदत सोडली तर ती 1847 पर्यंत टिकली. त्या वर्षी धान्याची टंचाई आणि वेस्ट इंडीजच्या मळेवाल्यांचे गाऱ्हाणे असे दुहेरी निमित्त मिळून व्यापारी उत्पादकांना साखरेची मुभा मिळाली. पुढे 1880 मध्ये पंतप्रधान ग्लॅडस्टनने माल्टवरचा कर उठवून तो गाळलेल्या सातूरसावर आकारला. सुधारणा शहाणपणाची होती यात शंका नाही. पण तिचा एक परिणाम असा झाला की, आजवर स्वतःच्या माजघरात बिअर करणाऱ्या गृहस्थावर परवाना काढण्याची पाळी आली. हा परवाना 1963 च्या अंदाजपत्रकात अर्थमंत्री रेजिनाल्ड मॉडलिंग यांनी रद्द केला, आणि मग घरगुती बिअरच्या सामानाची दुकाने पाहता पाहता उभी राहिली.

या नव्या हौशी मंडळींनी जी पद्धत उचलली ती मात्र जुनी, मद्यगृहांच्या तळघरातील होती. तेथे 9 गॅलनांचे पिंप आडवे ठेवलेले असे. त्याच्या पोटावरील बुचात प्रथम सच्छिद्र लाकडाची वा बांबूची खुंटी ठोकीत. तिच्यातून जादा वायू फुसफुसत निघून जाई. तो जोर ओसरला म्हणजे ती काढून कठीण लाकडाची खुंटी बसवीत, जेणेकरून उरलेला वायू आतच राहील. ही अदलाबदल केव्हा करावी याचे गणित कोणत्याही दप्तरात नव्हते. ते तळघर सांभाळणाऱ्याच्या कानात आणि जिभेवर होते. पिंपातील गढूळ यीस्ट तळाशी बसावे म्हणून माशाच्या पोटातील हवेच्या पिशवीपासून केलेला चिकट द्रव घालीत. उत्तम पिशव्या रशियातील स्टर्जन माशाच्या, आणि त्या महाग. म्हणून पर्यायाचा शोध चालला, आणि 1842 मध्ये रॉईल या वनस्पतिशास्त्रज्ञाने हिंदुस्थानच्या किनाऱ्यांवरील या मालाविषयी स्वतंत्र पुस्तकच लिहिले. मुंबईहून चीनकडे जाणाऱ्या माशांच्या फुग्यांवर इंग्रज बिअरवाल्यांचीही नजर जावी, ही साम्राज्याच्या व्यापाराची एक चमत्कारिक गाठ म्हटली पाहिजे.

बाहेरचा वायू बिअरमध्ये कोंडण्याची युक्ती अर्वाचीन असली, तरी तिचे मूळ एका बिअरच्या कारखान्यातच सापडते. रसायनशास्त्रज्ञ जोसेफ प्रीस्टली 1767 च्या सुमारास लीड्स येथे अशा कारखान्याशेजारी राहत असता, उसळत्या पिंपांवर तरंगणारा वायू पाण्यात उतरविण्याचे प्रयोग त्याने केले आणि सोडावॉटरची वाट मोकळी झाली. विसाव्या शतकात तोच वायू नळकांड्यांतून परत बिअरमध्ये आला. वॉटनी कंपनीने गाळून, तापवून निर्जीव केलेली आणि वायू भरलेली बिअर 1930 च्या दशकात ईस्ट शीन येथील टेनिस क्लबात आजमावली. कारण तेथे गर्दी शनिवार-रविवारी, आणि जिवंत पिंप एकदा उघडले की काही दिवसांतच आंबूस होई. अडचण खरी होती, हे तिच्या टीकाकारांनीही मान्य करावे. पण सोयीचा माल सक्तीचा होऊ लागला तेव्हा 1971 मध्ये चार मित्रांनी आयर्लंडच्या केरी परगण्यातील एका मद्यगृहात ‘काम्रा’ (खऱ्या एलसाठीची मोहीम) ही चळवळ सुरू केली, आणि ज्या पिंपात किण्वन चालू आहे व ज्याला परका वायू लावलेला नाही त्यातलीच खरी एल (पारंपरिक बिअर), असा दंडक घातला.

हा दंडक मला थोडा कर्मठ वाटतो. घरगुती पिंपात साखरेने वायू निर्माण होतो खरा, पण निम्मे पिंप रिकामे झाल्यावर दाब ओसरतो, हवा आत शिरते आणि उरलेला माल बिघडू लागतो. म्हणून गृहस्थ झाकणावरील झडपेला वायूची चिमुकली कुपी जोडून तूट भरून काढतो. मद्यगृहांतही ओतलेल्या बिअरइतकाच वायू, दाब न वाढविता, आत सोडणारे साधन निघाले. काम्राने त्याला दीर्घकाळ विरोध केला आणि 2018 मध्ये सभासदांच्या ठरावाने तो मागे घेतला. घरी बिअर करणारे मात्र त्या ठरावासाठी थांबले नव्हते. साखर आपली, कुपी बाजारातली, असा त्यांचा व्यवहार तोवर बिनबोभाट चाललाच होता.