ओट्याची कोठी झाली तेव्हा

१९५६ साली आयबीएमने रॅमॅक संगणकासोबत पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. कपाटाएवढा आकार, ५० तबकड्या आणि क्षमता ५० लाख अक्षरांची. १९९५मध्ये आलेल्या डीव्ही कॅसेटच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. त्यातला जेमतेम एक सेकंद रॅमॅकमध्ये मावला असता.

घरगुती चित्रणं संकलित करताना मला या आकड्यांपेक्षा एक वेगळाच बदल मोठा वाटतो. डीव्हीच्या काळात डिस्क हा स्वयंपाकाचा ओटा होता. चित्रण उतरवायचं, कापायचं, जोडायचं आणि काम झालं की ओटा पुसून घ्यायचा. मूळ कॅसेट कपाटात असायची. पुढे कॅमेऱ्यात मेमरी कार्ड आलं. ते पुन्हा वापरण्यासाठी पुसलं जातं, आणि डिस्कवरची प्रत हीच मूळ प्रत ठरते. ओट्याचीच कोठी झाली, तीही कुणाच्या लक्षात न येता.

म्हणून मूळ चित्रणासाठी मी दोन बाह्य ड्राइव्ह ठेवतो, एक घरी, एक बहिणीकडे. संकलनाचा ड्राइव्ह तिसरा. आजी आता नाही. ओव्या म्हणणारा तिचा आवाज पहिल्या दोन्हींवर आहे. दोन्ही प्रती उघडून पाहिल्याशिवाय मी कार्ड पुसत नाही.