कंपासपेटी ते संगणक कक्ष : आपण भूमिती कशी शिकलो

संमेलनाच्या पहिल्याच बैठकीत शाळेला काय भेट द्यायची यावर बराच खल झाला आणि शेवटी संगणक कक्षावर एकमत झाले. स्मरणिका समितीने मला काम सोपवले : "तू गणिताचा मास्तर. संगणकावर भूमिती कशी शिकवतात ते लिही." लिहायला बसलो, पण संगणकाऐवजी डोळ्यांसमोर आला तो आपला नववीचा वर्ग आणि फळ्यासमोरची माझी पाच मिनिटे. काही जणांना ती अजून आठवत असतील, कारण तेव्हा सगळे हसले होते.

अर्धवर्तुळातील कोन काटकोन असतो, हे प्रमेय मला तोंडपाठ होते. पक्ष, साध्य, रचना, सिद्धता, सगळे स्वल्पविरामांसकट. सरांनी त्या दिवशी फळ्यावर वर्तुळ काढले, पण व्यास आडवा न काढता तिरपा काढला आणि एबीसीऐवजी पीक्यूआर अशी अक्षरे दिली. मी उठलो, खडू घेतला आणि सुरू केले, "रचना : केंद्र ओ आणि बिंदू सी जोडले..." सी नावाचा बिंदू आकृतीत नव्हताच. वर्ग हसला. सर हसले नाहीत. ते म्हणाले, "पाठांतर उत्तम आहे. आता ते विसर आणि आकृतीकडे बघ." मी बराच वेळ बघितले. मला काही दिसले नाही.

परीक्षेत ते प्रमेय पुस्तकातल्याच आकृतीसह आले आणि मला पूर्ण गुण मिळाले. पुढे मी गणिताचाच शिक्षक झालो. "तेव्हा मला काही का दिसले नाही?" या प्रश्नाचे उत्तर मात्र मला फार उशिरा मिळाले. ते उत्तर भूमिती शिकण्याच्या इतिहासात आहे, म्हणून थोडे मागे जातो.

युक्लिडने इसवी सनापूर्वी ३०० च्या सुमारास अलेक्झांड्रियात तेरा खंडांचा ग्रंथ रचला. आपले अर्धवर्तुळाचे प्रमेय त्याच्या तिसऱ्या खंडात एकतिसावे आहे. पहिल्या खंडातले पाचवे प्रमेय समद्विभुज त्रिकोणाचे : समान बाजूंसमोरचे कोन समान असतात. युक्लिडने त्यासाठी दोन्ही बाजू खाली वाढवून बरीच लांबलचक सिद्धता दिली. युरोपातली पोरे इथेच अडखळत, म्हणून या प्रमेयाला नाव पडले 'गाढवांचा पूल'. पलीकडे जाईल तो शिकेल, अडेल तो गाढव. गंमत अशी की पुढे पॅपस नावाच्या गणितज्ञाने याच प्रमेयाची दोन ओळींची सिद्धता दिली. त्रिकोणाची तुलना त्याच्या स्वतःशीच करा, फक्त उलटून. डावी बाजू उजवीशी, उजवी डावीशी, मधला कोन तोच. बाकोबा कसोटी लागली, काम झाले. अडचण प्रमेयात नव्हती, शिकवणाऱ्याने निवडलेल्या वाटेत होती. तरी शतकानुशतके गाढव ठरला तो विद्यार्थीच.

आपल्याकडची वाट वेगळी होती. शुल्बसूत्रांत यज्ञवेदी रचण्यासाठी दोरीने मोजमाप करायचे. आयताच्या कर्णावरचा चौरस हा दोन बाजूंवरच्या चौरसांच्या बेरजेइतका असतो, हे बौधायनाने दोरीच्याच भाषेत सांगितले आहे. भास्कराचार्यांच्या ११५० मधल्या 'लीलावती'त रीती आणि उदाहरणे आहेत. पण 'का?' हा प्रश्न आपल्याला माहीत नव्हता असे समजू नये. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली आणि तीत रीतींच्या उपपत्ती, म्हणजे कारणे, दिली. पुढे अठराव्या शतकात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या जगन्नाथ सम्राटाने युक्लिडचा ग्रंथ अरबीवरून संस्कृतात आणला. त्याचे नाव 'रेखागणित'. हा ग्रंथ १९०१-०२ मध्ये मुंबईत छापून निघाला.

तोवर इंग्रजी शाळांतून युक्लिड आपल्याकडे दुसऱ्या दाराने आलेला होता. १८२० च्या दशकात मुंबईत कॅप्टन जॉर्ज जर्व्हिसने शास्त्रीमंडळींच्या मदतीने इंग्रजी गणिताची पुस्तके मराठीत उतरवली. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले, मॅट्रिकची परीक्षा आली आणि परीक्षेबरोबर पाठांतर आले. हे काही आपलेच दुखणे नव्हते. खुद्द इंग्लंडात मुले प्रमेये क्रमांकासह घोकत. त्याला कंटाळून तिथल्या शिक्षकांनी १८७१ मध्ये भूमितीचे अध्यापन सुधारण्यासाठी संघटना काढली. १९०१ मध्ये जॉन पेरी या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकाने जाहीर भाषणात मागणी केली की मुलांना आधी मोजू द्या, कापू द्या, काढू द्या, सिद्धता नंतर. दोनच वर्षांनी केंब्रिजने युक्लिडच्याच क्रमाने उत्तर लिहिण्याची सक्ती सोडली. त्यानंतर आलेले हॉल आणि स्टीव्हन्स यांचे पुस्तक आपल्याकडेही चालले. आपल्यापैकी कोणाच्या आजोबांच्या ट्रंकेत ते कदाचित अजून असेल.

पुढची लाट १९५९ ची. फ्रान्समध्ये रॉयोमाँ येथे भरलेल्या परिषदेत झाँ द्यूदोने या मोठ्या गणितज्ञाने युक्लिडला शाळेतून रजा द्या, असेच सांगितले. त्या 'नव्या गणिता'चे शिंतोडे आपल्या पुस्तकांवरही उडाले होते. आठवतात ना ते संच? रेषा म्हणजे बिंदूंचा संच, कोन म्हणजे दोन किरणांचा संयोग. व्याख्या बदलल्या, घोकणे तेच राहिले.

मला उत्तर मिळाले ते याच काळात नेदरलँड्समध्ये झालेल्या एका कामात. डिना व्हान हिले-गेल्डोफ आणि पिअर व्हान हिले हे पतीपत्नी माध्यमिक शाळेत शिकवत. आपण समजावतो ते मुलांना का पोचत नाही, हा त्यांचा रोजचा प्रश्न होता. १९५७ मध्ये दोघांनी उत्रेख्त विद्यापीठात या प्रश्नावर प्रबंध सादर केले. त्यानंतर थोड्याच काळात डिना वारल्या. पुढचे काम पिअर यांनी चालू ठेवले.

त्यांचे म्हणणे असे. भूमितीतला विचार पायऱ्यापायऱ्यांनी वाढतो. पहिल्या पायरीवर मूल आकार नुसता ओळखते : हा चौरस, कारण तो चौरसासारखा दिसतो. तोच चौरस कोपऱ्यावर उभा केला की ते त्याला 'बर्फी' म्हणते. दुसऱ्या पायरीवर गुणधर्म दिसतात : चार बाजू समान, चार काटकोन. तिसऱ्या पायरीवर गुणधर्मांचे एकमेकांशी नाते कळते आणि 'प्रत्येक चौरस हा आयतही असतो' हे पटते. सिद्धता करण्याची ताकद येते ती त्याच्या पुढे. यातली एकही पायरी गाळता येत नाही, आणि वय वाढले म्हणून माणूस आपोआप वर चढतो असेही नाही. शिक्षक चौथ्या पायरीवरून बोलत असेल आणि मूल पहिल्या पायरीवर असेल, तर शब्द तेच असूनही दोघांची भाषा वेगळी असते. अशा वेळी मुलापुढे एकच उपाय उरतो : पाठ करणे.

हे वाचले तेव्हा फळ्यासमोरचा मी मला दिसलो. तिरप्या व्यासाचे अर्धवर्तुळ ही माझ्यासाठी कोपऱ्यावर उभी केलेली बर्फी होती. सरांना ते त्या दिवशी बरोबर कळले होते. एका तासिकेत आणि साठ मुलांत त्यांना त्याहून जास्त काही करता येणे शक्य नव्हते.

आता एक कबुली. सरांनी मला जे दाखवले, ते मी माझ्या विद्यार्थ्यांना कित्येक वर्षे दाखवले नाही. दहावीचा निकाल लावायचा असे, म्हणून मी 'हमखास येणारी' प्रमेये उतरवून देत असे. एका वर्षी सराव परीक्षेत एका मुलीने हेच प्रमेय लिहिले. सिद्धता शब्दन् शब्द बरोबर होती. आकृतीत मात्र तिने काढलेला कोन वर्तुळाच्या बाहेर होता. मी सिद्धतेला पूर्ण गुण दिले आणि आकृतीचा एक गुण कापला. घरी आल्यावर लक्षात आले की तिने मी शिकवले होते तेच, तसेच लिहिले होते. त्या पेपरात नापास झालो होतो तो मी.

संगणक माझ्या वर्गात आला तो यानंतर. त्याचाही इतिहास आहे. १९६७ मध्ये अमेरिकेत सेमूर पेपर्ट, वॉली फ्युर्झाइग आणि सिंथिया सॉलोमन यांनी 'लोगो' ही मुलांसाठीची संगणकभाषा तयार केली. पुढे त्या भाषेत एक कासव आले. त्याला 'पुढे जा', 'वळ' अशा आज्ञा द्यायच्या. समभुज त्रिकोणाचा कोन ६० अंशांचा, म्हणून मूल कासवाला ६० अंश वळवते आणि त्रिकोणाऐवजी षटकोनाच्या वाटेला लागते. कासव वळते ते बाह्यकोनातून, म्हणजे १२० अंशांतून, हे त्याला स्वतःच शोधावे लागते. १९८० च्या दशकात फ्रान्समधल्या ग्रनोबल येथे झाँ-मारी लाबोर्द यांच्या गटाने 'काब्री' केले. १९९१ मध्ये निकोलस जॅकिव यांचे 'जॉमेटर्स स्केचपॅड' अमेरिकेत आले. २००१ मध्ये मार्कुस होहेनवार्टर यांनी ऑस्ट्रियात साल्झबुर्गला 'जिओजेब्रा' सुरू केले. ते शाळेला फुकट वापरता येते. आपल्या कक्षात तेच बसवावे.

यातली खरी करामत एकच आहे : आकृतीतला बिंदू धरून ओढता येतो. मी मुलांना पहिल्या दिवशी चौरस काढायला सांगतो. बहुतेक मुले नजरेच्या अंदाजाने चार रेषाखंड जुळवतात. मग मी म्हणतो, आता एक कोपरा ओढा. चौरस मोडतो, वर्गात हशा पिकतो. ज्याने लंब काढून आणि बाजूच्या त्रिज्येचे वर्तुळ काढून चौरस केला, त्याचा लहानमोठा होतो, फिरतो, पण चौरसच राहतो. चित्र आणि रचना यांतला फरक मला फळ्यावर कधी इतक्या लवकर पटवता आला नव्हता. तिरपा व्यास, बदललेली अक्षरे, हे सगळे इथे बोटाच्या एका हालचालीने होते. मूल एका आकृतीऐवजी हजार आकृत्या बघते.

पण इथेच नवा खड्डा आहे. अर्धवर्तुळावरचा बिंदू फिरवत एक मुलगा मला म्हणाला, "सर, नव्वदच येतंय. दिसतंय ना? मग सिद्ध कशाला करायचं?" प्रश्न प्रामाणिक होता. त्याला मी चित्रकलेच्या तासाला शिकवली जाणारी सप्तकोनाची रीत दिली : वर्तुळातल्या समभुज त्रिकोणाची अर्धी बाजू कंपासात घ्या आणि परिघावर सात वेळा मांडा. कागदावर ती छान जुळते. जिओजेब्रात त्याने केंद्राशी होणारे कोन मोजले. पहिले सहा ५१.३२ अंश आले आणि उरलेला सातवा ५२.०९. डोळ्याला जुळलेले खरे जुळले नव्हते. मग त्याने स्वतःच विचारले, "म्हणजे ते नव्वदही जवळपासच असेल तर?"

तेव्हा आम्ही संगणक बंद करून वही घेतली. केंद्र आणि परिघावरचा बिंदू जोडला. दोन त्रिकोण झाले. प्रत्येकाच्या दोन बाजू त्रिज्याच, म्हणून दोन्ही समद्विभुज, म्हणजे गाढवांचा पूल इथे कामाला आला. परिघावरच्या कोनाचे दोन तुकडे झाले आणि त्यांच्याइतकेच कोन व्यासाच्या दोन टोकांना. चौघांची बेरीज १८०, म्हणून परिघावरचा कोन तिच्या निम्मा. तो मुलगा म्हणाला, "मग बिंदू कुठेही असू दे, दुसरं काही येणारच नाही!" हे वाक्य पडद्याने त्याच्याकडून वदवून घेतले नसते. आणि आधी पडद्यावर बिंदू फिरवला नसता तर त्याला हा प्रश्नही पडला नसता.

म्हणून मित्रमैत्रिणींनो, देणगीचा हिशेब करताना माझी विनंती आहे. संगणक जरूर घेऊ, पण त्या खोलीत एक फळाही लावू आणि पन्नास कंपासपेट्या ठेवू. शिक्षकांना आठवड्यातली एक तासिका अशी मिळावी की जिला गुण नाहीत आणि अभ्यासक्रम संपवण्याची घाई नाही. त्या तासिकेला विनामूल्य यायला मी तयार आहे. तुमच्यातही निवृत्त अभियंते, सर्वेक्षक, सुतारकामाचे कारखानदार आहेत. त्यांनीही यावे. काटकोन त्यांनी माझ्यापेक्षा जास्त वापरला आहे.

संमेलनाला सर येणार आहेत असे कळले. त्यांना फळ्यापर्यंत उठवायचे नाही, पण तिरपा व्यास मी काढीन, अक्षरे त्यांनी द्यावीत. या वेळी मी आकृतीकडे बघून बोलेन.