सारडा खटला
(शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य, १९८४). परिस्थितिजन्य पुराव्याच्या मूल्यमापनाविषयीचा सर्वोच्च न्यायालयाचा प्रमाणभूत निर्णय. विवाहास जेमतेम चार महिने लोटले असता जून १९८२ मध्ये पुणे येथे एका नवविवाहितेचा राहत्या घरी सायनाइडच्या विषबाधेने मृत्यू झाला. पतीस सत्र न्यायालयाने दिलेली फाशीची शिक्षा मुंबई उच्च न्यायालयाने कायम केली. परंतु मृत स्त्रीच्या पत्रांतून प्रकट होणारी विषण्ण मनःस्थिती ध्यानी घेता आत्महत्येची शक्यता निरस्त होत नाही, या व अन्य कारणांस्तव न्या. फजल अली, न्या. वरदराजन व न्या. सब्यसाची मुखर्जी यांच्या पीठाने १७ जुलै १९८४ रोजी त्यास दोषमुक्त केले. परिस्थिती पूर्णतः शाबीत असावी, ती केवळ अपराधाशीच सुसंगत व निर्णायक स्वरूपाची असावी, तिने इतर सर्व शक्यतांचे निरसन करावे आणि पुराव्याची साखळी अखंड असावी, ही पंचसूत्री या निर्णयाने घालून दिली. पुढे त्रिमुख मारोती किरकन खटल्यात (२००६) सर्वोच्च न्यायालयाने, घराच्या चार भिंतींआड घडलेल्या मृत्यूचा खुलासा देण्याची जबाबदारी तेथील रहिवाशांवरही येते, असे स्पष्ट केले.