कुलकर्णी, गुरुनाथ आबाजी (जी. ए.)

(१० जुलै १९२३ – ११ डिसेंबर १९८७). मराठी कथाकार, अनुवादक आणि मराठीतील अद्भुतिकेचे, म्हणजे कल्पित काळ, कल्पित राज्ये व अलौकिक घटना यांतून जीवनार्थ शोधणाऱ्या कथाप्रकाराचे, सर्वांत समर्थ लेखक. जन्म बेळगाव जिल्ह्यातील एकसंबा येथे. शिक्षण बेळगावात झाले आणि पुढे धारवाडच्या एका महाविद्यालयात त्यांनी सुमारे तीन दशके इंग्रजीचे अध्यापन केले. हुबळी आणि धारवाड ही शहरे १९६२ मध्ये एकाच महानगरपालिकेखाली आली, तरी हुबळी व्यापाराची आणि धारवाड विद्येचे, ही विभागणी टिकून आहे, जी. ए. या दुसऱ्या शहराचे होते. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर हा प्रदेश तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, आणि मराठी साहित्यव्यवहाराच्या पुणे-मुंबई या केंद्रांपासून दूर, कन्नड वातावरणात राहूनच त्यांनी आपले बहुतेक लेखन केले. सभा-संमेलनांपासून ते कटाक्षाने अलिप्त राहिले.

‘निळासावळा’ (१९५९), ‘पारवा’ (१९६०), ‘हिरवे रावे’ (१९६२) आणि ‘रक्तचंदन’ (१९६६) या संग्रहांतील कथा बहुतांशी वास्तववादी असून त्यांतील माणसे सीमाभागातील खेड्यांतली व लहान गावांतली, दारिद्र्याने व नात्यांच्या ओझ्याने पिचलेली आहेत. ‘काजळमाया’ (१९७२) पासून मात्र नियतीची जाणीव, जी आधी घटनांच्या आड होती, ती कथेचा उघड विषय झाली आणि तिला पेलण्यासाठी राजदरबार, वाळवंट, मठ व अनामिक प्रवासी यांचे जग उभे राहिले. ‘विदूषक’ ही याच संग्रहातील कथा. ‘सांजशकुन’मध्ये (१९७५) त्यांनी दृष्टांतकथेच्या, म्हणजे एखादे सत्य लहानशा प्रसंगातून सुचविणाऱ्या कथेच्या, अंगाने जाणाऱ्या छोट्या रचना केल्या, त्याच वर्षीच्या ‘रमलखुणा’मध्ये ‘प्रवासी’ व ‘इस्किलार’ या दोनच दीर्घकथा आहेत. विस्तार आणि स्वयंपूर्ण विश्वरचना पाहता त्यांना लघुकादंबऱ्या म्हणण्यास हरकत नसावी, आणि स्वतंत्र कादंबरी न लिहिणाऱ्या या लेखकाचा अद्भुतिकाकारांत विचार करावा लागतो तो मुख्यतः त्यांच्यामुळेच.

‘पिंगळावेळ’ (१९७७) मधील ‘स्वामी’ ही कथा या पद्धतीचा उत्तम नमुना होय. एका मठात नेलेल्या वाटसरूला भुयारी खोलीत कोंडून ‘स्वामी’पद दिले जाते, म्हणजे पूज्यता आणि कैद ही एकच गोष्ट ठरते. ‘ऑर्फियस’मध्ये ग्रीक पुराणकथा, तर ‘यात्रिक’मध्ये सर्व्हांटिसचा डॉन किहोटे नव्या अर्थाने येतो. नारायण धारप यांच्या भयकादंबऱ्यांत अलौकिक शक्तीचा पाडाव बहुधा शक्य असतो, जी. एं.च्या जगात अद्भुताकडे सुटकेचा मार्ग नसतो, तेथे नियतीचा फास अधिकच स्पष्ट दिसतो. प्रतिमांची दाटी आणि अलंकृत गद्य कधीकधी कथेवर भार टाकते, हा आक्षेप रास्त आहे. तरी ते गद्य मराठीत दुसऱ्या कोणाचे वाटत नाही, हेही तितकेच खरे.

‘काजळमाया’ला १९७३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, परंतु ग्रंथाच्या प्रकाशनतारखेवरून वाद निर्माण होताच त्यांनी तो परत केला. अमेरिकन कादंबरीकार कॉनरॅड रिक्टर यांच्या कादंबऱ्यांचे अनुवाद, ‘बखर बिम्मची’ हे बालमनाचे पुस्तक आणि सुनीता देशपांडे यांच्यासह अनेकांना लिहिलेली, मरणोत्तर खंडशः प्रसिद्ध झालेली पत्रे हा त्यांचा इतर वाङ्मयसंभार. ‘कैरी’ या कथेवर अमोल पालेकर यांनी चित्रपट केला. त्यांचे निधन पुण्यात झाले. त्यांच्या अद्भुतिकांकडे प्रथमच वळणाऱ्या वाचकाने ‘इस्किलार’आधी ‘स्वामी’ वाचावी.