अंबापाणी : आकड्यांत पुरलेले वीर

हुतात्मा कोणाला म्हणायचे हे मरणाऱ्याच्या शौर्यावर ठरत नाही. मागे राहिलेल्यांपैकी लेखणी कोणाच्या हाती आहे यावर ठरते. हे विधान कोणाला कडवट वाटेल. पण नंदुरबार जिल्ह्यापुरते ते तपासून पाहता येते.

९ सप्टेंबर १९४२ रोजी नंदुरबार शहरात तिरंगा घेऊन निघालेल्या मिरवणुकीवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा हे पाच जण त्यात गेले. शहराच्या भर चौकात त्यांचे स्मारक आहे. पंधरा-सोळा वर्षांच्या शिरीषकुमारची गोष्ट शाळकरी पोर घडाघडा सांगते. हे योग्यच आहे. त्या मुलांचे मोठेपण कमी करण्याचा हेतू येथे मुळीच नाही. प्रश्न वेगळा आहे. या जिल्ह्यातील दर शंभर माणसांपैकी जवळजवळ सत्तर आदिवासी आहेत (२०११ ची जनगणना). त्यांच्या पूर्वजांनी याच सत्तेशी झुंज दिली नव्हती काय?

नंदुरबारच्या गोळीबाराला सहा महिने झाले नाहीत तोच, २ मार्च १९४३ रोजी, तळोदे तालुक्यात रावलापाणीला सरकारी बंदुका पुन्हा चालल्या. संत गुलाम महाराजांनी आदिवासींना दारू सोडायला लावली, एकमेकांना 'आप' म्हणून मान द्यायला शिकवले. ज्याला सारे जग अरे-तुरे करते, त्याने आपल्या माणसाला 'आप' म्हणावे, ही गोष्ट दिसायला साधी, पण सत्तेला न मानवणारी. १९३८ साली गुलाम महाराज गेले आणि रामदास महाराजांनी चळवळ पुढे नेली. त्यांच्याबरोबर जमलेल्या निःशस्त्र लोकांवर रावलापाणीच्या नाल्यात गोळ्या घातल्या गेल्या. आजही २ मार्चला तेथे माणसे जमतात. पण शिरीषकुमारचे नाव पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला ठाऊक असते आणि रावलापाणी कोठे आहे हे जिल्ह्याबाहेरच्या पदवीधरालाही सांगता येत नाही.

आणखी मागे गेलो की अंधार अधिकच दाटतो. खाज्या नाईक हा जुन्या खानदेशातला भिल्ल. मुंबई-आग्रा रस्त्यावर सेंधव्याच्या घाटाची राखण त्याच्याकडे होती. म्हणजे तो इंग्रजांच्याच चाकरीत होता. पुढे त्याला तुरुंगवास झाला, सुटका झाली, पुन्हा चाकरी मिळाली. आणि १८५७ साली त्याने ती झुगारून बंड पुकारले. नोव्हेंबरात त्याच्या माणसांनी सुमारे सात लाखांचा खजिना लुटला. ११ एप्रिल १८५८ रोजी सातपुड्यातल्या अंबापाणीला मोठी लढाई झाली. तीरकमठा आणि जुन्या बंदुका घेऊन भिल्ल तोफा-पलटणींच्या सैन्यापुढे उभे राहिले. लढाईत माणसे पडली ती पडलीच. शिवाय पकडलेल्यांपैकी पन्नासहून अधिक जणांना जागच्या जागी लष्करी न्यायाचा देखावा करून गोळ्या घातल्या. शेकडो स्त्रिया कैद झाल्या. खाज्याचा मुलगाही याच लढाईत गेला. खाज्या मात्र हाती लागला नाही. १८६० साली दग्याने त्याचा जीव घेण्यात आला.

१८८० सालचे खानदेशचे गॅझेटिअर या साऱ्याची नोंद करते. इंग्रज अधिकाऱ्यांची नावे हुद्द्यांसह येतात. भिल्लांचे मात्र आकडे येतात. एवढे ठार, एवढे कैद, एवढ्यांना गोळ्या घातल्या. शिकारीच्या वहीत जनावरे लिहावीत तशी माणसे लिहिली आहेत. खाज्याला नाव आहे, पण ते दरोडेखोराच्या यादीत. इंग्रजांनी असे लिहिले यात आश्चर्य नाही. शत्रूने आपली वंशावळ लिहावी अशी अपेक्षा कोण करील? आश्चर्य हे की १९४७ नंतरही आमच्या इतिहासकारांनी तोच आकडा तसाच उतरवून घेतला. संस्थानिकाने खजिना लुटला तर ते स्वातंत्र्ययुद्ध आणि भिल्लाने लुटला तर दरोडा, ही विभागणी कोणत्या शास्त्रात बसते?

नावाचे मोल काय असते हे दलित समाजाला कोणी शिकवायला नको. भीमा कोरेगावच्या स्तंभावर १ जानेवारी १८१८ च्या लढाईत पडलेल्यांची नावे कोरलेली आहेत. त्यांतली 'नाक' या प्रत्ययाची बावीस नावे महारांची. पुढे त्याच इंग्रजांनी महारांना सैन्याची दारे बंद केली, तेव्हा शिवराम जानबा कांबळे यांनी १९१० च्या अर्जात पूर्वजांच्या लष्करी सेवेचाच दाखला दिला. १ जानेवारी १९२७ रोजी बाबासाहेब त्या स्तंभापाशी उभे राहिले. दगडावर नावे नसती, नुसते 'बावीस महार' एवढेच असते, तर आपण काय वाचले असते?

कोणी म्हणेल, तेथे महार इंग्रजांच्या बाजूने होते, येथे भिल्ल विरुद्ध. ही तुलना कशी जमते? जमते ती याच ठिकाणी. कोरेगावचा स्तंभ जिंकणाऱ्याने आपल्या सैनिकांसाठी उभारला. अंबापाणीच्या माणसांना असा धनी नव्हता. त्यांचा स्तंभ उभारण्याची जबाबदारी स्वतंत्र देशावर आणि त्यातही लिहिता-वाचता येऊ लागलेल्या पिढीवर येते. ज्यांच्या घरात पहिली पदवी आपल्याच हातात आली त्यांच्यावर तर ती अधिक आहे.

मात्र गौरव करताना एक पथ्य पाळले पाहिजे. खाज्या नाईकाचा देव करू नये. तो घाटाचा चाकर होता हे लपवू नये. औट्रमने १८२५ मध्ये उभारलेल्या भिल्ल पलटणीतले भिल्ल सरकारच्या बाजूने लढत होते हेही सांगावे. भुकेने आणि पगाराने एका जमातीची माणसे एकमेकांसमोर उभी केली, हाही इतिहासच आहे. सोयीची दंतकथा रचली तर तिला खोडून काढणे प्रस्थापितांना सोपे जाते. कागदाने आणि साक्षीने सिद्ध केलेले नाव खोडता येत नाही.

म्हणून पुतळ्याच्या मागणीआधी नावांची मागणी झाली पाहिजे. मुंबईच्या पुराभिलेखागारात त्या काळची सरकारी दप्तरे आहेत. भिली-पावरी बोलणाऱ्या म्हाताऱ्यांच्या तोंडी पिढ्यांची नावे आहेत, गाणी आहेत. ज्या विद्यार्थ्याला ती बोली घरातच मिळाली आहे, त्याच्याइतका चांगला संशोधक कोणते विद्यापीठ तयार करणार? त्याने सुट्टीत गावी जाताना वही न्यावी. कैद झालेल्या स्त्रिया कोण होत्या, त्यांचे पुढे काय झाले, हे आधी विचारावे, कारण त्यांची आठवण सर्वांत आधी पुसली गेली आहे. ती वही भरली म्हणजे पाठ्यपुस्तकाच्या मंडळापुढे आणि सरकारपुढे उभे राहता येईल.

स्मारके सरकार बांधते. बांधील किंवा बांधणार नाही. नावे मात्र आपणच शोधायची आहेत, आणि ती सांगणारी माणसे दरवर्षी कमी होत आहेत.