चिकटवणे आणि सोलणे : मोटारीच्या रंगाचा एक उपेक्षित इतिहास

मोटारीवर चढवलेले व्हिनाइलचे आवरण उतरवताना त्याखालचा रंगही पापुद्र्यासारखा निघून येतो, ही तक्रार रॅपिंगच्या धंद्याबरोबरच जन्माला आली असा सर्वसाधारण समज आहे. प्रत्यक्षात हा प्रश्न त्या धंद्याहून सहा-सात दशकांनी जुना असून, रंगाऱ्यांच्या हातातली चिकटपट्टी ही वस्तूच मुळी त्यावरचा तोडगा म्हणून निर्माण झाली. या इतिहासाकडे पाहिले म्हणजे दुसरीही एक गोष्ट ध्यानात येते, ती अशी की रंग का निघाला याचे उत्तर आवरणात क्वचितच सापडते, आणि पत्र्यावर तो रंग कोणी, कोठे आणि किती घाईने चढवला होता यात ते बहुधा दडलेले असते.

विसाव्या शतकाच्या आरंभी मोटारी रंगवण्याची रीत घोडागाड्या रंगवणाऱ्या कारागिरांकडून जशीच्या तशी आलेली होती. जवसाच्या तेलात कालवलेले रंग आणि त्यांवर व्हार्निशचे हात असा तिचा क्रम असे. हे तेल नुसते वाळत नाही, तर हवेतील ऑक्सिजनशी संयोग पावून सावकाश घट्ट होते, त्यामुळे प्रत्येक हातानंतर थांबावे, घासावे, पुन्हा हात द्यावा आणि पुन्हा थांबावे लागे, आणि एक गाडी पुरती रंगून बाहेर पडायला कित्येक आठवडे जात. सांगाडे यंत्रांच्या वेगाने तयार होऊ लागले तेव्हा कारखान्यातील रंगशाळा हीच सर्वांत मोठी अडचण ठरली. फोर्डने १९१४ ते १९२५ या काळात आपली मॉडेल टी केवळ काळ्या रंगात विकली, यामागेही स्वस्त आणि टिकाऊ काळ्या इनॅमलचा हिशेबच होता.

ही कोंडी ड्यूपाँ कंपनीच्या ‘ड्यूको’ या लॅकरने फोडली. चित्रपटांच्या फिती आणि धूरविरहित दारू ज्या नायट्रोसेल्युलोजपासून बनत, तेच द्रावकात विरघळवून तयार केलेला हा रंग द्रावक उडून जाताच काही तासांत सुके. जनरल मोटर्सने १९२४ च्या ओकलंड गाड्यांवर तो निळ्या छटेत वापरला आणि आठवड्यांचे काम दिवसांवर आणले. रंग लवकर सुकतो म्हटल्यावर एका गाडीवर दोन रंग चढवणेही परवडू लागले, आणि दुरंगी गाडीची हौस अमेरिकेत झपाट्याने पसरली. मात्र द्रावक उडून सुकलेला थर तशाच द्रावकाने पुन्हा मऊ पडतो, आणि ताजा असताना त्याची पत्र्यावरील पकडही बेताचीच असते. या नव्या रंगाचा वेग सर्वांना दिसला; त्याच्या या दोन मर्यादा रंगाऱ्यांना आधी कळल्या.

दुरंगी काम करताना पहिला रंग झाकून दुसरा फवारावा लागे आणि दोहोंमधली रेघ धारदार यावी लागे. त्यासाठी रंगारी वर्तमानपत्राचा किंवा जाड कागदाचा तुकडा सरसाने अथवा वैद्यकीय चिकटपट्टीने गाडीवर डकवीत. काम संपल्यावर कागद ओढला की त्याबरोबर खालच्या रंगाचे टवके निघत आणि झालेले काम पुन्हा करावे लागे. मिनेसोटा राज्यातील सेंट पॉल शहरात सँडपेपर तयार करणाऱ्या, पुढे थ्री-एम या नावाने ओळखल्या गेलेल्या कंपनीतील रिचर्ड ड्रू हा तरुण कर्मचारी पाण्यात वापरता येणाऱ्या सँडपेपरचे नमुने घेऊन अशा रंगशाळांमध्ये जात असे. विद्यापीठातील अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडलेला आणि नृत्यवृंदांत बॅन्जो वाजवून पोट भरलेला हा माणूस रसायनशास्त्रज्ञ नव्हता. तरी रंगाऱ्यांचा संताप पाहून, रंगाला न दुखावता निघेल अशी पट्टी करून देण्याचे आश्वासन त्याने देऊन टाकले.

ते पुरे करण्यास सुमारे दोन वर्षे लागली. वनस्पती तेले, डिंक आणि राळा आजमावून झाल्यावर सुताराच्या सरसात ग्लिसरीन मिसळण्याची युक्ती त्याला सापडली; ग्लिसरीनमुळे सरस कडक न होता मऊ राहतो. त्याला पाठबळ म्हणून चुण्या पडलेला क्रेप कागद निवडला गेला, कारण तो ताणला जातो आणि वळणावर बसतो. मधल्या काळात कंपनीचे प्रमुख विल्यम मॅकनाइट यांनी हा नाद सोडून सँडपेपरकडे वळण्यास त्याला बजावले होते, आणि ड्रूने ते फारसे मनावर घेतले नाही. १९२५ साली दोन इंच रुंदीची मास्किंग पट्टी तयार झाली. आरंभीच्या एका नमुन्यात चिकटद्रव्य फक्त कडांना लावलेले होते आणि पट्टी गळून पडताच एका रंगाऱ्याने कंपनीच्या चिक्कूपणावर ‘स्कॉच’ असा शेरा मारला, त्यावरून पुढचे व्यापारी नाव रूढ झाले, अशी आख्यायिका आहे. ती अक्षरशः खरी असो वा नसो, तिच्यात या धंद्याची मूळ अडचण नेमकी पकडली आहे : चिकटद्रव्य कमी पडले तर काम गळून पडते आणि जास्त झाले तर रंग घेऊन निघते.

ड्रूच्या पट्टीने जे तत्त्व व्यवहारात आणले त्याला आज दाबसंवेदी चिकटद्रव्य म्हणतात, म्हणजे पाणी, उष्णता किंवा वाळण्याचा काळ यांपैकी कशाचीही गरज नसून केवळ बोटाच्या दाबाने बसणारे आणि ओढल्यावर निघणारे चिकटद्रव्य. पट्टी ओढली जाते तेव्हा तीन पकडींची परीक्षा होते : चिकटद्रव्याची रंगावरची, चिकटद्रव्याची स्वतःमधली, आणि रंगाची पत्र्यावरची. यांत जी सर्वांत दुबळी ती तुटते. पहिली तुटली तर पृष्ठभाग स्वच्छ राहतो, दुसरी तुटली तर चिकट राप मागे उरतो, आणि तिसरी तुटली तर रंग जातो. पुढच्या शंभर वर्षांतील सारी प्रगती पहिली पकड मुद्दाम दुबळी, पण कामापुरती पुरेशी ठेवण्याच्या खटपटीतून झाली. तिसरी पकड मात्र चिकटपट्टी बनवणाऱ्यांच्या हाती कधीच नव्हती.

मोटारीच्या आवरणाला लागणारे दुसरे द्रव्य, म्हणजे पॉलिव्हिनाइल क्लोराइड, मूळचे कडक आणि ठिसूळ असते. गुडरिच कंपनीच्या वाल्डो सेमन यांनी १९२६ च्या सुमारास त्यात मृदुकारक, म्हणजे प्लॅस्टिकला लवचीकपणा देणारे तेलकट द्रव्य, मिसळून ते रबरासारखे मऊ करून दाखवले. १९३५ साली लॉस एंजेलिसमध्ये स्टँटन एव्हरी यांनी स्वयंचिकट लेबलांचे यंत्र उभारले, आणि दुकानातील वस्तूंवरून डाग न ठेवता निघणारी किमतीची चिठ्ठी हा त्यांच्या मालाचा विशेष होता. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी स्टेशन वॅगन गाड्यांच्या बाजूंवरील खऱ्या लाकडाची जागा लाकडाच्या रेषा छापलेल्या आवरणाने घेतली, आणि मोटारीच्या बाह्यांगावर मोठ्या आकाराचे आवरण चिकटवण्याचा तो पहिला व्यापक प्रयोग ठरला. ते आवरण काढण्यासाठी नव्हतेच. गाडी असेपर्यंत राहावे हाच त्याचा उद्देश होता.

काढण्यासाठीच चढवलेल्या आवरणाचा धंदा जर्मनीत उभा राहिला, आणि तोही सरकारी नियमामुळे. पश्चिम जर्मनीत टॅक्सी पूर्वी काळ्या असत. १९७१ पासून त्यांना फिकट हस्तिदंती रंग सक्तीचा झाला. काही वर्षे चालवून टॅक्सी विकायला काढली की त्या रंगाच्या गाडीला खाजगी गिऱ्हाईक चांगली किंमत देईना, आणि संपूर्ण गाडी दाराच्या आतल्या कडांपर्यंत पुन्हा रंगवणे खर्चिक होते. यावर १९९० च्या दशकात उपाय निघाला : गाडी नेहमीच्या रंगात घ्यावी, तिच्यावर हस्तिदंती आवरण चढवावे, आणि विकतेवेळी ते सोलून काढावे. खालचा रंग इतकी वर्षे ऊन आणि खडी यांपासून झाकलेला असल्याने तो जवळजवळ नव्यासारखा निघे. व्हिनाइलचे आवरण रंगाचे नुकसान करीत नाही, उलट त्याला जपते, ही धंद्याची ख्याती मुख्यतः या टॅक्सींवर उभी आहे. ती खोटी नाही. पण टॅक्सीची गाडी कोरी असे, तिचा रंग कारखान्याच्या भट्टीत भाजलेला असे, आणि आवरण मोजक्या वर्षांनी निघत असे, या तीन अटी जाहिरातींमधून हळूहळू गळून पडल्या.

दरम्यान मोटारीच्या रंगाची घडणच बदलली होती. आजच्या गाडीवर पत्र्याला लागून फॉस्फेटचा संस्कार, त्यावर विजेच्या साहाय्याने बुडवून चढवलेला गंजरोधक थर, मग प्रायमर, मग रंगाचा पातळ थर आणि सर्वांत वर पारदर्शक, म्हणजे क्लिअर कोटचा थर असतो. सारे मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. थर जितके अधिक, तितक्या सांध्यांच्या जागाही अधिक. १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात काही अमेरिकी कारखान्यांनी खर्च वाचवण्यासाठी अनेक गाड्यांवर मधल्या प्रायमरला फाटा दिला, तेव्हा सूर्याचे अतिनील किरण रंगातून झिरपून खालच्या गंजरोधक थरापर्यंत पोहोचले, त्याचा वरचा भाग भुरभुरीत झाला, आणि टपावरचा, बॉनेटवरचा रंग चादरीसारखा सुटून वाऱ्याने उडू लागला. त्या गाड्यांवर कोणी व्हिनाइल चढवलेले नव्हते. रंग निघण्यासाठी आवरण अपरिहार्य नसते, हे याहून स्पष्टपणे सांगणारे उदाहरण सापडणे कठीण.

आवरणांमध्येही भेद आहेत आणि त्यांचा परिणाम सोलताना दिसतो. तापलेल्या रुळांमधून लाटून काढलेले स्वस्त आवरण जाड असते आणि आपल्या मूळ आकाराकडे आक्रसण्याची त्याची ओढ असते. द्रव स्वरूपात ओतून भट्टीत भाजलेले आवरण सुमारे ५० मायक्रॉन जाडीचे, शांत आणि वळणदार असते. उन्हात वर्षानुवर्षे राहिल्यावर दोहोंतील मृदुकारक कमी होत जातो, आवरण ठिसूळ बनते, आणि मग ते एकसंध न निघता नखाएवढ्या तुकड्यांनी निघते. प्रत्येक तुकड्यामागे खरवडणे आले, आणि खरवडण्यामागे ओरखडे. बॉनेट आणि टप यांवर ऊन सरळ पडत असल्याने तेथील आवरण बाजूंच्या आधी जीर्ण होते. व्हिएतनाम युद्धात हेलिकॉप्टरच्या पात्यांच्या कडा वाळूपासून वाचवण्यासाठी वापरल्या गेलेल्या पॉलियुरेथेन आवरणातून पुढे मोटारीसाठीचे पारदर्शक संरक्षक आवरण आले. ते व्हिनाइलहून बरेच जाड असते, म्हणून दुबळ्या रंगावर ते काढणे अधिक जोखमीचे.

सोलण्याची क्रियाही तितकीच निर्णायक आहे. दाबसंवेदी चिकटद्रव्य काहीसे द्रव आणि काहीसे घन असल्याप्रमाणे वागते : सावकाश ओढल्यास ते वाहते आणि सुटते, झटका दिल्यास ते घट्ट धरून बसते आणि सारा जोर रंगावर जातो. म्हणूनच आवरण उष्ण हवेने साधारण ५० ते ६० अंश सेल्सिअसपर्यंत कोमट करून, काटकोनात वर न उचलता पृष्ठभागालगत मागे दुमडून, संथपणे काढण्याची रीत पडली. थंड आवरण तुटते, अतितापलेल्याचे चिकटद्रव्य रंगावरच राहते. याखेरीज चढवताना गाडीवरच आवरण कापण्याची सवय असलेल्या कारागिराचे पाते पारदर्शक थर चिरून आत जाते, आणि ती चीर आवरण असेपर्यंत झाकलेली राहून काढल्यावरच दिसते. पात्याऐवजी आवरणाखाली ठेवलेल्या दोऱ्याने कापण्याची पट्टी याच कारणाने प्रचारात आली.

महाराष्ट्रात या धंद्याची पूर्वपीठिका ‘रेडियम’च्या दुकानांत आहे. रिक्षा, टेम्पो आणि दुचाकी यांच्यावर नावे, देवतांची चित्रे आणि क्रमांक कापून चिकटवणारे हे कारागीर पुढे प्लॉटर यंत्राकडे आणि तेथून संपूर्ण गाडीच्या रॅपकडे वळले. सोलण्याचा सार्वत्रिक अनुभव मात्र लोकांना काचेवरून आला : सर्वोच्च न्यायालयाने २७ एप्रिल २०१२ रोजी गाडीच्या काचांवरील फिल्मवर बंदी घातली, आणि मुंबई-पुण्यासह देशभर फिल्म खरवडून काढल्या गेल्या. त्या वेळी काचेचे काही बिघडले नाही, कारण काच एकजीव असते. रंगवलेला पत्रा तसा नसतो, आणि काचेवरचा अनुभव पत्र्याला लावणे ही अनेक गाडीमालकांची चूक ठरली.

येथील गाडीच्या बाबतीत धोका वाढवणारी गोष्ट म्हणजे डेंटिंग-पेंटिंग. अपघातानंतर पत्रा ठोकून, पुट्टी भरून आणि दुकानातच फवारून चढवलेला रंग पावसाळ्याच्या दमट हवेत किंवा विमा कंपनीच्या मुदतीच्या घाईत अनेकदा नीट घासल्यावाचून आणि नीट सुकल्यावाचून दिला जातो. कारखान्यात रंग सुमारे १४० अंशांवर भाजला जातो, तर गॅरेजमध्ये फार तर ६० अंशांवर, आणि कित्येक ठिकाणी नुसत्या उन्हात. रॅप काढताना जो टवका निघतो तो बहुतेक वेळा अशाच दुरुस्त केलेल्या दारावर किंवा बंपरवर निघतो. वापरलेली गाडी घेणाऱ्याला हा इतिहास ठाऊकच नसतो, आणि मग दोष रॅप काढणाऱ्याच्या माथी येतो.

गिऱ्हाईक आणि कारागीर यांच्यातील हा वाद आवरण काढण्याच्या दिवशी सुटत नाही, तो चढवण्याच्या दिवशीच सोडवावा लागतो. रंगाची जाडी मोजणारे हाताएवढे उपकरण आता सहज मिळते. ज्या पत्र्यावर ते कारखान्याच्या आकड्याहून दुप्पट-तिप्पट जाडी दाखवते, तेथे खाली पुट्टी किंवा दुसरा रंग आहे असे समजावे. गाडीच्या प्रत्येक पत्र्याचा आकडा दोघांच्या सहीने लिहून ठेवावा, आणि ज्या दाराचा आकडा संशयास्पद येईल ते दार रॅपवाचूनच ठेवावे. रॅपने गाडीचा दिसणारा रंग बदलणार असेल तर आणखी एक बाब मालकाने आधीच तपासावी : मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ मुळे नोंदणी प्रमाणपत्रातील तपशिलांशी विसंगत बदलांवर मर्यादा आहेत, आणि गाडीचा रंग त्या प्रमाणपत्रात नोंदलेला असतो.