'डार्क' म्हणजे कोणता अंधार?

अवसेच्या रात्री पनवेलमधल्या गच्चीवरून कर्नाळ्याचा सुळका दिसत नाही. म्हणून तो नाहीच, असं आपण म्हणत नाही. इतिहासात मात्र आपण असं म्हणतो, आणि तेही एका शब्दामुळे.

इंग्रजीत अंधाराच्या छटा पुष्कळ. 'डिम' म्हणजे मिणमिणता उजेड, 'डस्क' म्हणजे तिन्हीसांज, 'ग्लूम'मध्ये मनावरचं मळभही आलं. 'डार्क'चे मात्र दोन अर्थ आहेत: जे आपल्याला दिसत नाही ते, आणि जिथे ज्ञानच नाही ते.

१९०४ साली व्हिन्सेंट स्मिथ यांनी कुशाण-सातवाहनांनंतरचं आणि गुप्तांच्या आधीचं जवळपास शतक अतिशय 'डार्क' म्हटलं. रोख पहिल्या अर्थावर होता, साधनं नव्हती. आपण 'अंधारयुग' म्हणतो, तेव्हा ऐकणाऱ्याला दुसराच अर्थ लागतो.

वास्तविक त्याच काळात विंध्यशक्तीने वाकाटकांचं राज्य उभं केलं. अजिंठ्याच्या सोळाव्या लेण्यातील शिलालेखात त्याचं नाव आहे. १९३३मध्ये काशीप्रसाद जायसवालांनी या काळावर ग्रंथ लिहिला, १९३९मध्ये वाशीमचा ताम्रपट हाती आला, आणि १९६३मध्ये वा. वि. मिराशींनी वाकाटकांचे कोरीव लेख एकत्र प्रसिद्ध केले.

आपला 'अंधकार' शब्द बघा. अंध करणारा तो अंधकार. न दिसणं हे पाहणाऱ्याचं. म्हणून 'अंधारयुग' ऐकलं की आपण विचारावं: अंधार त्या काळात होता, की दिवा आपल्याकडे नव्हता?